वेशीतली वाळू

“उचला!” भिवा नाईकानं हाळी दिली आणि आम्ही चौघांनी दांडीला खांदा दिला. मेणा दोन बोटं वर आला आणि पुन्हा खाली बसला.

भिवानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. आमच्या राणी मैनाऊ, म्हणजे आऊसाहेब, अंगानं पहिल्यापासून काडी. त्यात नवरात्राचे आठ उपास झालेले. सात वर्षं मी त्यांच्या मेण्याला मागून डावा खांदा देत होतो. आज आत नुसत्या आऊसाहेब असत्या तर आम्ही मेणा घेऊन फुगडी घातली असती.

“काय झालं?” पडद्याआडून आवाज आला. “खंडेनवमीलाच आमच्या भोयांचं बळ सरलं?”

“न्हाई जी,” भिवा म्हणाला. मग मान खाली घालून, आम्हालाच ऐकू जाईल इतकं हळू, “दोघं हाईत. तोंडं शिवून घ्या. उचला.”

उचलला. दांडी करकरली. पडद्याच्या फटीतून उदाचा वास आला आणि दुसरं माणूस कोण ते चौघांनाही एकदम कळलं. कोंढुरात अंगाला चोवीस तास उदाचा वास येणारा माणूस एकच, पिराच्या दर्ग्याचा मुजावर बुढणचाचा. आणि कोंढुरातला सगळ्यात लठ्ठ माणूसही तोच. पिढ्यान्‌पिढ्यांचा मलिदा होता त्याच्या अंगावर.

तुम्हाला त्या दिवसांची कल्पना यायची नाही, म्हणून आधी ते सांगतो. राजे अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. कारभार आऊसाहेबांच्या हाती. राजांचे धाकटे भाऊ रायाजीराव यांना बाईमाणसाचा हुकूम सोसत नव्हता. तांबडी नदीच्या पलीकडं खान तळ देऊन बसलेला, पाच हजार घोडी घेऊन. त्याला अलीकडं यायला फक्त एक निमित्त हवं होतं. खान आत आला की रायाजीरावांना गादीवर बसवणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अशात घटस्थापनेच्या चौथ्या दिवशी देवीचे रुप्याचे डोळे चोरीला गेले. सहाव्या दिवशी त्यातला एक दर्ग्यातल्या चादरीखाली सापडला. झालं! गाव पेटलं. वर्षानुवर्षं देवीच्या पालखीला ऊद घालणारा बुढणचाचा एका दिवसात चोर ठरला. लोक काठ्या घेऊन धावले, तोवर चाचा गढीच्या मागच्या दारानं आऊसाहेबांच्या पायाशी जाऊन पडला होता. आणि खानाचं पत्र आलं, ‘खंडेनवमीच्या माध्यान्हीला आमच्या पिराचा मुजावर नदीकाठी जिवंत दिसला पाहिजे. नाही दिसला तर घोडी पाण्यात घालतो.’

म्हणजे बघा, मुजावर मेला की राज्य गेलं. रायाजीरावांना दुसरं काय पाहिजे होतं? त्यांनी वेशीवर माणसं बसवली. बाहेर जाणारी गाडी, टोपली, गवताचा भारा, सगळं भाल्यानं टोचून बघायला लागले.

फक्त एक गोष्ट टोचता येत नव्हती. खंडेनवमीला राणीनं नदीकाठच्या देवीची ओटी भरायला मेण्यातून जायचं, ही जुनी रीत. त्या मेण्याच्या पडद्याला हात लावणाऱ्याचा हात खांद्यापासून उतरायचा, हीही जुनीच रीत.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लपवत नाही. मलाही चाचाचा राग आला होता. आमची जगदंबा आई नवरात्रात एका डोळ्यानं बसली होती. बायका देवळाच्या पायरीवर ऊर बडवत होत्या. मीही रडलो होतो. मनात आलं, हा खरंच चोर असला तर? आपण चोराला खांदा देतोय का?

पण मला सटवामामाचं बोलणं आठवलं. “मेण्यातलं भोयाच्या खांद्याला कळतं, तोंडाला कळू ने. आणि मनाला तर इचारूच ने.”

सटवामामा म्हणजे माझा सासरा. भिवाच्या आधी तीस वर्षं आऊसाहेबांच्या भोयांचा नाईक होता. नववधू म्हणून त्यांना माहेराहून आणलं तेही त्याच्याच खांद्यावर. मला चालायला त्यानंच शिकवलं. हसू नका, भोयाचं चालणं शिकावं लागतं. तो सांगायचा, “खांदा खोटं बोलंल, दम खोटा बोलंल, पर टाच न्हाई बोलायची. वझं टाचंत उतरतं बाबा.” आणि रोज वर आणखी ऐकवायचा, “कोंडू, तू पावलाचा कच्चा. रेड्यावानी टाच आपटतूस.”

मग त्याचा गुडघा गेला. आऊसाहेबांनी मानानं घरी बसवला, पण म्हातारा मानी. अपमान झाला म्हणून जाऊन बसला रायाजीरावांच्या पागेत. त्यात शिमग्याला माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. चार लोकांत मी बोललो, “म्हातारा बैल शेवटी बाजारातच जातो!” लोक हसले. दुसऱ्या दिवशी मामा लंगडत माझ्या दारात आला, लेकीचं गाठोडं स्वतः उचललं आणि म्हाळसाला घेऊन गेला. जाताना म्हणाला, “ज्याला पाय नीट टाकता येत न्हाई, त्येच्या घरात माझी लेक नांदायची न्हाई.” शिमगा ते दसरा, सात महिने मी हातानं भाकरी थापत होतो. भाकरी कसल्या, सगळे देशांचे नकाशे!

तर निघालो. रिवाज असा की गढीपासून वेशीपलीकडच्या पिंपळापर्यंत खांदा पालटायचा नाही. बाजूनं चालणारे बदलीचे चौघे नुसते बघत राहायचे. एरवी त्यात काही विशेष नव्हतं, आज मात्र तो पिंपळ मला काशीइतका लांब वाटला.

“हसत चला,” भिवा पुढून म्हणाला. “रोजचा ठेका धरा. उतार उजवा!”

“कळला!” नाईकानं वाट सांगितली की द्यायची ती साद आम्ही मागून दिली.

बाजारपेठेत दोन्ही बाजूंना माणसं. “आईचा डोळा द्या! चोर द्या!” असा आरडाओरडा चाललेला. त्यात गुंड थोडेच होते, बाकी आपलीच साधी माणसं. माझी मावशीही होती त्यात, पदर तोंडाला लावून रडत. आमच्या पायांना मात्र सणाच्या दिवसाची दुडकी चाल धरायची होती. खांद्यावरची गादी घामानं चिंब झाली, मानेची शीर टणटण उडायला लागली, आणि चेहरा ठेवायचा लग्नाला निघाल्यासारखा. मी एक युक्ती केली. टाच टेकवायचीच नाही, सगळं ओझं चवड्यावर घ्यायचं. पोटऱ्या फाटायची वेळ आली, पण मी मनात म्हटलं, कोंडू, आज तुझी परीक्षा आहे.

वेस आली. दारात वाळू पसरली होती, नदीची बारीक, चाळलेली, अगदी वेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, सणासुदीची शोभा केली असेल.

रायाजीराव घोड्यावर होते. शेजारी कुबडीवर रेललेला सटवामामा. त्याला तिथं का आणलंय ते कळायला शहाणपण लागत नव्हतं. पलीकडं बायकांच्या घोळक्यात म्हाळसा उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“मुजरा, वहिनीसाहेब,” रायाजीराव म्हणाले. “गाव बिथरलंय. आज ओटी राहू द्यावी.”

“देवीची ओटी चुकवून गाव शांत होत असेल,” आतून आवाज आला, “तर भावोजी, हिरवं लुगडं आम्ही देतो. तुम्हीच जा नेसून!”

लोक फिसकन हसले. रायाजीरावांचे कान लाल झाले. “मेण्याला हात लावायची कुणाची छाती आहे? पण सटवानं तीस वर्षं हे ओझं वाहिलंय. तो नुसतं बघेल. सटवा, आत माणसं किती?”

उभं ओझं चालत्या ओझ्याच्या दुप्पट असतं. मामा आला. आधी भिवाचा खांदा बघितला, मग दांडी. मग मागं येऊन माझ्यासमोर थांबला. सात महिन्यांनी सासरा-जावई समोरासमोर, आणि मला साधं ‘मामा’ म्हणायचीही सोय नाही.

“हुबं ऱ्हाऊन कळत न्हाई सरकार,” तो म्हणाला. “चालवा जरा.”

आम्ही वाळूत पाय घातला. दोन पावलं, तीन पावलं, चार. आणि नेमका तेव्हाच मेण्यातून, आक्‌छी!

आऊसाहेबांची शिंक अशी असेल तर मी कोल्हापूरचा छत्रपती! चांगली मिशाळ, पोटातून आलेली शिंक होती ती. वेशीतल्या सगळ्या माना मेण्याकडं वळल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी नाक ओढलं, मान झटकली आणि मोठ्यानं म्हणालो, “माफी आऊसाहेब! धूळ गेली नाकात.”

“शिंक?” रायाजीराव खेकसले. “निघताना शिंक? कोण शिंकलं?”

मामा माझ्याकडं बघत राहिला. किती वेळ बघत होता देव जाणे. मग पचकन थुंकला.

“ह्यो माझा जावई, सरकार. ह्येची शिंक मला ठावं न्हाई का? लग्नात अंतरपाटाआड असाच शिंकला हुता. तवाच उठून जायला पायजे हुतं मी!”

सगळी वेस खो खो हसली. मला भलताच राग आला. मी लग्नात शिंकलो नव्हतो. पण तोंड शिवलेलं होतं.

“आणि मेण्यात?” रायाजीराव हसले नाहीत.

“एकल्या आऊसाहेब. आठ उपासानं आणखी हलक्या झाल्यात बिचाऱ्या. जाऊ द्या सरकार, ओटीची येळ टळंल.”

भिवानं हाळी दिली आणि आम्ही वेशीबाहेर पडलो. मागं काहीतरी गलका उठला, “आईचा उदो उदो” असं ओरडणं ऐकू आलं. बाजूच्या बदलीच्या भोयानं वळून पाहिलं आणि म्हणाला, “तुझा सासरा लोटांगण घालतोय रं वाळूत! चार जण पडलं त्येच्या मागं!”

“म्हातारा नाटकी आहे,” मी दात खाऊन म्हणालो. मला काय त्याचं! पिंपळाखाली खांदा पालटला तेव्हा मी आडवाच झालो, आणि आभाळाकडं बघून एवढंच म्हणालो, आई जगदंबे, मी सटवा नाईकाला फसवलं!

नदीकाठी, ओटीला बरोबर आलेल्या गढीतल्या बायकांनी लुगडी आडवी धरली आणि त्यांच्या आडोशाला चाचाला बाहेर काढलं. काढलं म्हणजे उपसलं; एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय ओढले. दोन दिवस आऊसाहेबांबरोबर त्यालाही उपासच घडला होता. पलीकडून खानाचे दोन स्वार होडीतून आले. सूर्य अगदी डोक्यावर होता.

चाचा वाळूत उभा राहिला आणि स्वारांना म्हणाला, “खानसाहेबांना सांगा, बुढण जिवंत आहे. राणीसाहेबांनी स्वतःच्या शेजारी बसवून आणलंय. आणि एवढंही सांगा की दोन दिवस वरीचे तांदूळ आणि ताक, बाकी काही नाही. अब कुछ खाने को मंगाओ!”

स्वार हसत परत गेले. होडी दिसेनाशी झाल्यावर चाचा वळला, देवीच्या दगडापुढं गेला, आणि कमरेच्या पुडीतून ऊद काढून निखाऱ्यावर घातला. दर वर्षी घालायचा तसाच. “आईचा डोळा मी नाही घेतला,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. माझ्या मनातला चोर तिथंच धुरात गेला. मला माझीच लाज वाटली.

ओटी भरून झाल्यावर आऊसाहेबांनी आपल्या हातानं आम्हा आठांना खोबरं वाटलं. “आज काही जड होतं का भिवा?”

“न्हाई जी,” भिवा म्हणाला. “आईचं वझं कधी जड हुतं?”

दुसऱ्या दिवशी दसरा. घोड्यांची, खोगिरांची पूजा. रायाजीरावांच्या पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं पूजेसाठी त्यांचं खोगीर झटकलं आणि देवीचा दुसरा डोळा टणकन फरशीवर पडला. पुढचं सांगायला नको. त्या संध्याकाळी आई दोन्ही डोळ्यांनी सोनं लुटायला बसली आणि चाचाचा ऊद पालखीपुढं पहिल्यासारखा दरवळला. रायाजीरावांना आऊसाहेबांनी काशीयात्रेला पाठवलं, परत न येण्याच्या बोलीवर.

आणि माझ्या दारात कोण? म्हाळसा! काखेत गाठोडं, हातात आपट्याची पानं.

“बाबांनी धाडलं,” ती म्हणाली.

“का? आज कशी आठवण झाली?”

“म्हणाले, जावयाचा पाय सुधारला.”

माझी छाती अशी फुगली म्हणता! तेव्हापासून मी काय ऐटीत चालायला लागलो! भिवानंतर नाईक झालो. आऊसाहेबांना, मग त्यांच्या सुनेला, घाट चढवले, ओढे उतरवले, पुरातून नेलं, पण तीस वर्षांत एकदा पाय घसरला नाही. दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की मामाला डिवचायचो, “काय मामा, फसवलं की नाही तुम्हाला?” आणि म्हातारा हसत कपाळाला हात लावायचा, “फसवलंस बाबा. चांगलंच फसवलंस.” मरेपर्यंत तेच म्हणाला.

गेल्या चैत्रात मी दांडी खाली ठेवली. नाईकी भिवाच्या नातवाला दिली. चार घरची माणसं जेवायला बोलावली, पुरणपोळी झाली, आणि मी आपली ती गोष्ट रंगवून सांगितली. चवड्यावर कसा चाललो, शिंक कशी अंगावर घेतली, सटवा नाईकासारखा पारखी कसा गंडला. माणसं वाहवा करून गेली. म्हाळसा अंगणात खरकटी भांडी गोळा करत होती.

“झालं का बोलून?” ती म्हणाली. “आता मी सांगू?”

“काय?”

“ती वाळू शोभेची नव्हती. बाबांनी पागेत बोलताना एकदा टाचेचं सांगितलं होतं, ते रायाजीरावांच्या ध्यानात राहिलं. त्यांनीच पसरवली. तुम्ही पुढं गेलात आणि मागं तुमच्या चौघांच्या टाचा वाळूत चार-चार बोटं रुतलेल्या. मला पोरीला दिसलं, तर बाबांना दिसणार नाही?”

मी वाकून माझ्याच टाचेकडं पाहिलं.

“बाबा एकल्याच म्हणाले, पण रायाजीरावांचा भरवसा बसेना. ते स्वतः ठसे बघायला घोड्यावरून उतरायला लागले. एक पाय रिकिबीत होता तेवढ्यात बाबांनी कुबडी फेकली, ‘आईचा उदो उदो’ केला आणि लोटांगण घातलं. मोडक्या गुडघ्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळले. ते बघून आणखी चार माणसं लोळली. रायाजीराव खाली उतरले तेव्हा वाळूत एक ठसा शिल्लक नव्हता. घरी आणलं तर कानात वाळू, मिशीत वाळू, गुडघा सुजून भोपळा झालेला. मी शेकत होते आणि ते हसत होते. म्हणाले, तुझा नवरा अजून रेड्यावानीच चालतोय, पण शिंक मात्र झकास अंगावर घेतली त्यानं.”

“मी चवड्यावर चालत होतो!”

“सगळ्यात खोल टाच तुमचीच होती.”

दर दसऱ्याचं ते हसणं डोळ्यांपुढं आलं, कपाळाला लावलेला तो हात. मी त्याला म्हातारा बैल म्हणालो होतो. त्यानं माझ्या पावलांवर आपलं अंग टाकलं आणि वर माझ्याकडून डिवचूनही घेतलं. डोळे भरून आले माझे, सांगायला लाज कसली?

“मग मला का नाही सांगितलं? एवढी वर्षं?”

“बाबांची शपथ होती. म्हणाले, त्याला वाटू दे फसवलं म्हणून. पायावर भरवसा असलेला भोई पडत न्हाई. त्यानं दांडी खाली ठेवली की मग सांग.”

मी उठलो. अंगणातून ओसरीवर यायला दोनच पायऱ्या, रोजच्या, पायाखालच्या. पहिल्याच पायरीवर माझा पाय घसरला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हाळसानं चटकन कोपराला धरलं.

“बघा,” ती हसत म्हणाली, “म्हणूनच सांगत नव्हते.”